दादा, आता माझा चान्स!

लहानपणीचा लाडका गेम नव्या रंगरूपात आला, तर खुश व्हायचं की भांडायचं? ‘क्रॅश बँडिकूट’च्या नव्या अवताराबद्दल खेळणाऱ्यांची मतं गोळा करायला निघाले आणि पहिलं भांडण घरातच सापडलं...

‘‘ही उडीच चुकीची आहे!’’

शनिवारची रात्र, साडेअकरा वाजलेले. ठाण्याच्या आमच्या हॉलमध्ये दादा टीव्हीकडे बोट दाखवून ओरडत होता. दादा म्हणजे वय वर्षं ३३, पुण्यात आयटी कंपनीत टीम लीड, सव्वा वर्षाच्या मुलीचा बाबा आणि एरवी ट्रॅफिकमध्येही आवाज न चढवणारा माणूस. टीव्हीवर निळी पँट घातलेला एक केशरी प्राणी दोरीच्या पुलावरून नुकताच दरीत पडला होता. लागोपाठ नवव्यांदा.

‘‘हळू रे, पिल्लू झोपलंय!’’ आतून वहिनी.

‘‘मी बरोबर मारली होती उडी. हाच चुकला,’’ दादा पुटपुटला आणि पुन्हा सुरुवात केली. दहाव्यांदा पडला.

आता एरवी मी हसून झोपायला गेले असते. पण नेमकी याच विषयावर मला स्टोरी करायची होती. म्हटलं, चला, पहिला इंटरव्ह्यू घरातच!

घुशीचा नातेवाईक

ज्यांना क्रॅश माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात ओळख. नॉटी डॉग या अमेरिकन कंपनीने १९९६मध्ये पहिल्या प्लेस्टेशनसाठी ‘क्रॅश बँडिकूट’ काढला. १९९७ आणि १९९८मध्ये पुढचे दोन भाग आले. धावायचं, उड्या मारायच्या, गरगर फिरून खोकी फोडायची, वुम्पा फळं गोळा करायची आणि डॉक्टर कॉर्टेक्स नावाच्या मोठ्या डोक्याच्या व्हिलनला धडा शिकवायचा. बस्स. रक्त नाही, बंदुकांची दणादणी नाही. हिरो इतका गोड, की मेला तरी हसू यावं.

आणि एक गंमत. ‘बँडिकूट’ हा शब्द मूळचा तेलुगू. ‘पंदिकोक्कु’ म्हणजे डुक्कर-उंदीर, म्हणजेच आपली घूस! पुढे तेच नाव ऑस्ट्रेलियातल्या एका वेगळ्याच प्राण्याला चिकटलं आणि क्रॅश हा त्या ऑस्ट्रेलियन घराण्यातला. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, ‘‘म्हणजे तुम्ही दोघं वर्षानुवर्षं घूस नाचवत होतात!’’

या तिन्ही गेम्सचा नवा अवतार म्हणजे ‘क्रॅश बँडिकूट एन. सेन ट्रिलजी’. ३० जून २०१७ला तो प्लेस्टेशन ४वर आला आणि २०१८च्या जूनमध्ये पीसी, एक्सबॉक्स वन आणि निन्टेन्डो स्विचवर. तो बनवला व्हिकेरियस व्हिजन्स या स्टुडिओने. जुन्या गेमवर नुसता रंगाचा हात फिरवलेला नाही. लेव्हल्सचे आराखडे जुने, बाकी जवळजवळ सगळं नव्याने बांधलेलं. सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटसारखं समजा. आणि रीडेव्हलपमेंट म्हटलं की भांडणं आलीच!

माझी पहिली नोकरी

आमच्या घरी क्रॅश आला २००६मध्ये. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला, सेकंडहँड, चिप बसवलेला प्लेस्टेशन २. मी नऊ वर्षांची, दादा चौदाचा. पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्क त्याच्यावर चालायच्या, पण त्या गेम्ससाठी मेमरी कार्डही जुनंच लागायचं. ते आमच्याकडे नव्हतं. त्यामुळे दुसरा-तिसरा भाग सुरू केला, की दर वेळी श्रीगणेशापासून.

पहिल्या भागात मात्र एक सोय होती. बोनस राउंड पूर्ण केला, की गेम पासवर्ड द्यायचा. अक्षरं-आकडे नाहीत, रिमोटवरच्या बटणांचीच चिन्हं : त्रिकोण, गोल, फुली, चौकोन. ती बिनचूक लिहून घेणं हे माझं काम. भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर मी ती ओळीने काढायचे. एक चिन्ह चुकलं तर रविवार फुकट आणि वर दादाचा धपाटा.

आमचा नियम साधा होता. एक लाइफ गेली, की रिमोट दुसऱ्याला. प्रत्यक्षात दादाची लाइफ गेली की ‘अगं, ही मोजायची नाही’ आणि माझी गेली की ‘बघ, तुला नाही जमत’. मी पासवर्ड लिहिणारी, डिस्क पुसणारी आणि ‘मार उडी!’ म्हणून ओरडणारी.

नव्या गेममध्ये पासवर्ड नाही. गेम आपोआप सेव्ह होतो. थोडक्यात, ऑटोसेव्हने माझी पहिली नोकरी खाल्ली.

दिसायला सॉलिड, पण...

ओळखीतल्या डझनभर खेळणाऱ्यांशी बोलले. एका बाबतीत सगळ्यांचं एकमत : दिसतो सॉलिड! पुण्यात अ‍ॅनिमेशन करणारी माझी कॉलेजची मैत्रीण म्हणाली, ‘‘अगं, लहानपणी तो असाच दिसायचा ना?’’ मी तिला जुन्या गेमचा व्हिडिओ दाखवला. ती गप्पच झाली. कारण मूळ क्रॅश होता अवघ्या ५१२ पॉलिगॉन्सचा, म्हणजे त्रिकोणी-चौकोनी तुकड्यांचा. अंगावर लव वगैरे काही नाही, नुसते सपाट रंग. केसन् केस दिसणारा क्रॅश तिने मनातल्या मनातच रंगवला होता. नव्या गेमने तोच पडद्यावर आणला.

मग भांडण कशावरून? उडीवरून!

हिंजवडीत काम करणारा एक मित्र टाइम ट्रायलचा किडा आहे. त्याने मला चहाच्या टपरीवर बिस्किटाचा पुडा आणि औषधाची कॅप्सूल घेऊन समजावलं. जुना क्रॅश हिशेबासाठी चौकोनी खोक्यासारखा होता. पायाचा कोपरा जरी कड्यावर टेकला तरी उभा राहायचा. नव्या क्रॅशचा आकार कॅप्सूलसारखा, खालून गोल. हे चिकट्या खेळाडूंनीच शोधून काढलं. कड्यावर टेकलात, की घसरलात. शिवाय उडीनंतर तो जुन्यापेक्षा लवकर खाली येतो.

म्हणजे दादा खोटं बोलत नव्हता! गेम बाजारात आल्यावर काही दिवसांतच निर्मात्यांनीही जाहीरपणे मान्य केलं, की तिन्ही गेम्सची हालचाल त्यांनी तिसऱ्या भागावरून घडवली आणि त्यामुळे जुन्या खेळाडूंना फरक जाणवेल. अडचण अशी, की पहिल्या भागातले कडे आणि पूल पहिल्या भागातल्या उडीच्या मापाने बांधलेले. घर जुन्या मापाचं आणि पाहुणा नव्या मापाचा. ‘द हाय रोड’ हा दोरीच्या पुलाचा लेव्हल तर नव्या-जुन्या सगळ्यांना रडवतो. कित्येक जण फळ्यांचा नाद सोडून सरळ बाजूच्या दोरावरून चालत जातात. निर्मात्यांची हौस अशी, की अति कठीण म्हणून १९९६मध्ये काढून टाकलेला ‘स्टॉर्मी असेंट’ हा लेव्हलही त्यांनी जुलै २०१७मध्ये पुन्हा आणला!

हिंजवडीकर म्हणतो, ‘‘चित्र बदला, गाणी बदला. माझ्या अंगठ्याला जे पाठ आहे, त्याला हात लावू नका.’’

नाशिकची मावसबहीण याच्या अगदी उलट. ती आणि तिचा सात वर्षांचा मुलगा हा गेम पहिल्यांदाच खेळतायत. ‘‘जुनी उडी कशी होती, मला काय करायचंय? कठीण आहे, पण सेव्ह होतं, हे महत्त्वाचं. स्वयंपाक सोडून पुन्हा पहिल्यापासून कोण खेळणार?’’ पूर्वी पहिल्या भागात सगळी खोकी फोडून हिरा मिळवायचा तर लेव्हलमध्ये एकदाही मरून चालायचं नाही. आता ती अट फक्त रंगीत हिऱ्यांना आहे. जुने खेळाडू याला ‘लाड’ म्हणतात. तिचा मुलगा याला ‘हिरा मिळाला’ म्हणतो.

असाच वाद ‘स्पायरो’ या जांभळ्या ड्रॅगनच्या गेम्सवरूनही झाला होता. २०१८मध्ये त्या नव्याने आल्या तेव्हा जुन्यांसाठी मूळ संगीत लावायची सोय होती, पण गोष्ट सांगणाऱ्या दृश्यांना सबटायटल्सच नव्हती. ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी काय करायचं? खेळाडूंनी आवाज उठवला आणि २०१९मध्ये अपडेटमधून सबटायटल्स आली. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटली. ‘जसं होतं तसंच हवं’ असं म्हणताना आपण एक विचारायला विसरतो : जसं होतं, तेव्हा बाहेर कोण बसलं होतं?

कोको

कारण बाहेर बसणाऱ्यांत मीही होते.

क्रॅशला एक धाकटी बहीण आहे, कोको. कॉम्प्युटरमध्ये हुशार. पहिल्या भागात ती नव्हतीच. दुसऱ्या भागात आली, पण फक्त भावाला सूचना द्यायला. तिसऱ्या भागात मोजक्या लेव्हल्स तिच्या वाट्याला आल्या. नव्या अवतारात मात्र थोडं पुढे गेलं, की तिन्ही गेम्समधले बहुतेक लेव्हल्स कोको बनून खेळता येतात. पहिल्या भागातलेसुद्धा!

त्या रात्री मी दादाला हे सांगितलं, तर तो म्हणाला, ‘‘त्यात काय एवढं? तशीही तू खेळायचीसच की.’’

‘‘नाही रे. मी पासवर्ड लिहायचे.’’

‘‘काहीतरीच! आपण दोघं खेळायचो. मला नीट आठवतंय.’’

त्याला खरंच तसं आठवत होतं. खोटं नव्हतं ते. माझ्या मैत्रिणीने जशी क्रॅशच्या अंगावर लव आठवली, तसा दादाने माझ्या हातात रिमोट आठवला होता.

आता थोडं घरचं सांगते. दोन वर्षांपूर्वी बाबा आजारी पडले तेव्हा डॉक्टरांशी दादा बोलायचा आणि फाइल घेऊन मागे मी उभी असायचे. बाबा गेले. आता दादाचं कॅनडाला जायचं ठरतंय आणि त्याआधी हा ठाण्याचा फ्लॅट विकावा, असं त्याच्या मनात आहे. या फ्लॅटमध्ये राहतो आई आणि मी. ब्रोकरचा आकडा मला कळला तो आईकडून.

मी आत गेले आणि माळ्यावरच्या पिशवीतून भूगोलाची वही काढून आणली. मागची पाच पानं : त्रिकोण, गोल, फुली, चौकोन. प्रत्येक ओळीखाली तारीख. दादाने पानं उलटली. बराच वेळ काही बोलला नाही.

‘‘एवढे?’’

‘‘एवढे. आणि तू फ्लॅटचंही मला विचारलं नाहीयेस.’’

टीव्हीवर क्रॅश एका पायावर डुलत उभा होता. दादाने रिमोट माझ्या हातात दिला.

मी कोको घेतली. तोच पूल, तीच दरी. पहिल्या फळीवरच पडले. दुसऱ्यांदा तिसऱ्या फळीवर. दादाचा हात दोनदा सवयीने पुढे आला आणि दोनदा त्याने तो मागे घेतला. माझ्या अंगठ्याला जुनी उडी पाठच नव्हती, त्यामुळे नवी मला चुकीची वाटेना. ती मला फक्त कठीण वाटत होती. सव्वा वाजता, एकविसाव्या प्रयत्नात, कोको पलीकडे पोचली. मी इतकी जोरात किंचाळले, की पिल्लू उठलंच.

वहिनीची बोलणी खाऊन झाल्यावर दादा हळूच म्हणाला, ‘‘उद्या चहाच्या वेळी फ्लॅटचं बोलू. तुझं काय म्हणणं आहे, ते आधी सांग.’’

मग त्याने टेबलावरचं पेन उचललं, वहीचं कोरं पान काढलं आणि अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, ‘‘मॅडम, पासवर्ड लिहून घेऊ?’’