खिडकींतील कथा



मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्याखालील ग्रंथालयांत जो कोणी गेला असेल, त्यानें तेथील रंगीत कांचांतून गाळून आलेला प्रकाश पाहिला असेलच. युरोपांत ही कला शतकानुशतकें धर्ममंदिरांच्या सेवेंत राहिली. ज्यांना वाचतां येत नसे, त्यांना संतांचीं चरित्रें खिडकींत दिसत. या कलेंत छापील गोष्टी, नाटकें आणि कादंबऱ्या आणणाऱ्या एका कलावंताची हकीकत आज सांगावयाची आहे.

हॅरी क्लार्क याचा जन्म १८८९ सालीं डब्लिन येथें झाला. वडिलांचा चर्च सजविण्याचा कारखाना होता. तेथेंच त्यानें उमेदवारी केली. कॉर्क येथील होनन चॅपेलसाठीं केलेल्या अकरा खिडक्यांनीं त्याचें नांव झालें. त्याच सुमारास तो पुस्तकांचीं चित्रेंही काढीत होता. अँडरसनच्या परीकथा १९१६ सालीं, व एडगर अॅलन पो याच्या भयकथा १९१९ सालीं, त्याच्या चित्रांसह निघाल्या. त्या चित्रांतील मोठे डोळे, निमुळतीं बोटें आणि नक्षीदार वस्त्रें त्याच्या कांचेंतही आढळतात.

आतां थोडें कृतीविषयीं. कांच वरून रंगवितात, हा समज अर्धाच खरा आहे. मुख्य रंग कांच वितळतांना तींत मिसळलेल्या धातुद्रव्यांनीं येतो. चेहऱ्याच्या रेषा मात्र लोहभस्म व कांचपूड यांच्या काळसर लेपानें काढून भट्टींत भाजतात. फिक्या कांचेवर गडद रंगाचा पातळ थर असलेली कांच क्लार्क घेई आणि तो थर आम्लानें कमीअधिक झिजवी. त्यामुळें एकाच तुकड्यांत माणकासारख्या लाल रंगापासून फिक्या गुलाबीपर्यंत छटा उमटत. शेवटीं सारे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत जडवीत.

१९२६ सालीं आयरिश सरकारनें जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर कचेरीस भेट देण्यासाठीं त्याजकडून एक खिडकी मागविली. क्लार्कनें तींत संत घेतले नाहींत. येट्स, शॉ, सिंज, ओकेसी, जॉइस इत्यादि पंधरा आयरिश लेखकांच्या कृतींतील प्रसंग आठ भागांत मांडले. क्षयानें शरीर पोखरलेलें असतां १९३० सालीं त्यानें काम पुरें केलें. परंतु ओफ्लॅहर्टीच्या कादंबरींतील झिरझिरीत वस्त्र ल्यालेली नर्तकी पाहून सरकार बिचकलें, आणि खिडकी जिनीव्हास गेलीच नाहीं. जानेवारी १९३१ मध्यें क्लार्क स्वित्झर्लंडमध्यें वारला. वय अवघें ४१. पुढें ती खिडकी त्याच्या पत्नीनें परत मिळविली. आज ती अमेरिकेंत, मायामी बीच येथील वुल्फसोनियन संग्रहालयांत आहे.

राष्ट्राची ओळख करून द्या म्हणावें, आणि राष्ट्राचें साहित्य समोर येतांच मान खालीं घालावी, हा न्याय विचित्र खरा. ज्या देशाची ती ओळख, त्या देशांतील माणसास ती पाहण्यास आतां समुद्र ओलांडावा लागतो.