कुत्रीच्या सडाजवळची गाठ

नागपूरजवळच्या मौद्यासारख्या गावात पाळलेल्या कुत्रीच्या पोटाखाली हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली, तर दूध साकळलं असेल असं म्हणून अनेकदा ती सोडून दिली जाते. कुत्री नीट खाते, अनोळखी माणसावर भुंकते, मग काळजी कसली? उपचाराची खरी वेळ मात्र हीच असते.

नसबंदी न झालेल्या कुत्रींमध्ये सर्वांत जास्त आढळतात त्या स्तनांच्या गाठी, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या कर्करोगाच्या निघतात. कुत्रीला बहुधा स्तनांच्या पाच जोड्या असतात. मागच्या दोन जोड्यांत ग्रंथी मोठ्या, म्हणून गाठीही तिथेच अधिक.

गाठ एका रात्रीत घातक होत नाही. दर माजाला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं स्तनातल्या पेशींना वाढीचा हुकूम देतात. पेशी वारंवार विभागल्या की डीएनएच्या नकलेत चुका साचत जातात. आधी साधी असलेली गाठही त्यातून पुढे बिघडू शकते. घातक झालेल्या पेशींवरचे संप्रेरकांचे ग्राही (रिसेप्टर) बरेचदा कमी होतात. म्हणजे त्या कुणाच्या हुकमाविना वाढू लागतात. पेशींना एकमेकींशी घट्ट धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन हे प्रथिनही घटतं. पकड सुटलेली पेशी आकार बदलते, भोवतालचं पातळ आवरण विकरांनी विरघळवते आणि लसिकेत किंवा रक्तात शिरते. पुढच्या स्तनांतून ती बहुधा काखेतल्या लसिकाग्रंथीकडे जाते, मागच्यांतून जांघेतल्या. त्यापुढचा तिचा नेहमीचा मुक्काम फुफ्फुसात.

प्रवासाला निघालेल्या बहुतेक पेशी वाटेतच मरतात. मग उरलेल्या ठरावीक अवयवांतच का रुजतात? लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी 1889 मध्ये स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या 735 स्त्रियांच्या नोंदी तपासल्या आणि उत्तर मांडलं: बी सगळीकडे उडतं, पण मानवणाऱ्या जमिनीतच उगवतं. विदर्भातल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. कुत्रीला हा रोग माणसासारखाच आपोआप होतो, म्हणून माणसाच्या कर्करोगाचे अभ्यासकही तिच्या गाठींकडे बारकाईने पाहतात.

प्रतिबंधाचा सर्वांत गाजलेला पुरावा 1969 सालच्या एका अमेरिकी अभ्यासातला आहे. पहिल्या माजाआधी नसबंदी झालेल्या कुत्रींमध्ये स्तनांच्या कर्करोगाचा धोका, नसबंदी न झालेल्यांच्या तुलनेत, अवघा 0.5 टक्का उरला. एका माजानंतर 8 आणि दोन किंवा अधिक माजांनंतर 26 टक्के. त्या अभ्यासाचे नेमके आकडे पुढे तपासले गेले, त्यावर वादही झाले. तरी लवकर केलेली नसबंदी फायद्याची, हे मत आजही भक्कम आहे. उलट, माज लांबवण्यासाठी दिली जाणारी प्रोजेस्टिनची (प्रोजेस्टेरॉनसारख्या औषधांची) इंजेक्शनं गाठींचा धोका वाढवतात. ती सर्रास देणं चुकीचंच.

गाठ दिसलीच, तर ती दाबू नये, लेप लावून वाट पाहू नये. गाठ 3 सेंटिमीटरपेक्षा लहान असताना काढली, तर कुत्री जगण्याची आशा बरीच जास्त असते. शस्त्रक्रियेआधी छातीचा एक्स-रे काढून घ्यावा आणि काढलेली गाठ न फेकता तपासणीला पाठवावी. ती साधी की घातक हे पक्कं ठरतं ते सूक्ष्मदर्शकाखालीच. ही सोय फार दूर नाही: मौदा भंडारा मार्गावर, नागपूरपासून जवळ. आणि नागपुरात 1958 पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. आपल्या कुत्रीच्या पोटावरून महिन्यातून एकदा, काखेपासून जांघेपर्यंत, सावकाश हात फिरवा. काही लागलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.