ऐकू येणारी टिपणे

वसतिगृहातील माझी खोलीसोबतीण अंध आहे. तिच्या संगणकावर ‘एनव्हीडीए’ ही मोफत प्रणाली आहे. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये ती लिहायला घेतली. पडद्यावरचा मजकूर ती वाचून दाखवते, मराठीसुद्धा. अट एकच, मजकूर युनिकोडमध्ये हवा. युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा क्रमांक असतो, जुन्या फाँटांत रोमन अक्षरालाच ‘क’चा वेष चढवलेला असतो. आपल्याला मराठी दिसते आणि यंत्र भलतेच बडबडत सुटते! आमची बरीच टिपणे अशीच येतात. उरलेली म्हणजे हस्तलिखित पानांचे फोटो. ते तर मुकेच. परीक्षेच्या आदल्या रात्री मीच यंत्र झाले. घरी आईला कागदपत्रे वाचून दाखवायची सवय कामी आली. दोन वाजता ती म्हणाली, “बस कर गं, तुझाही पेपर आहे.” तेरा पाने उरली होती.