उघड्यावर जाळण्यास परवानगी केव्हा असते?

थंडीच्या दिवसांत रुग्णालयाच्या आवारातील झाडांची पानगळ सुरू झाली की कार्यालयाकडे एक प्रश्न हमखास येतो. पहाटे, वर्दळ नसताना, पाला पेटवून दिला तर चालेल का? सफाई कर्मचारी हे विचारतात, शेजारचे रहिवासी विचारतात. गतवर्षी एका सन्माननीय देणगीदारांनीही विचारले. सबब या अहवालात त्याचा खुलासा करणे उचित वाटते.

कचऱ्यापुरते बोलायचे तर अशी कोणतीही वेळ नाही. सन 2000 च्या नागरी घनकचऱ्याविषयीच्या नियमांतच कचरा व वाळलेली पाने जाळण्यास मनाई होती. सन 2016 च्या नियमांनी रस्त्यावर व सार्वजनिक मोकळ्या जागेत कचरा जाळण्यास नागरिकांना प्रतिबंध केला. शिवाय झाडलोटीत गोळा झालेली पाने न जाळता वेगळी ठेवून संकलकाकडे सोपवावीत, अशा सूचना सफाई कामगारांना देण्याचे काम स्थानिक संस्थांवर सोपविले. यावर 'आमच्या हद्दीत आम्ही काहीही करू' असा युक्तिवाद होई, आणि नियमातील शब्दरचना पाहता तो अगदीच निराधार नव्हता. परंतु दि. 22 डिसेंबर 2016 रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने अलमित्रा पटेल यांच्या प्रकरणात कोणत्याही जमिनीवर, अगदी कचरा डेपोतही, उघड्यावर कचरा जाळण्यास संपूर्ण बंदी घातली. साध्या प्रकारासाठी रु. 5,000 व मोठ्या प्रमाणावरील ज्वलनासाठी रु. 25,000 अशी भरपाईही ठरविली. हिशेब पाहणाऱ्या माणसाला ही रक्कम चटकन समजते.

मग सर्वच आगी निषिद्ध आहेत काय? तसे नाही. हवा प्रदूषण प्रतिबंधक कायदा, 1981 यानुसार एखाद्या क्षेत्रात एखादी वस्तू जाळण्यास राज्य शासनाला मनाई करता येते. मात्र ती वस्तू जळण नसावी, असे कायद्याचे शब्द आहेत. चुलीतील सरपण आणि उकिरड्यावरील कचरा यांत कायद्यानेच असा भेद केला आहे. आपल्या जिल्ह्यात तर आगीचे प्रकार अनेक. निफाडकडे कडाक्याच्या थंडीत द्राक्षवेली वाचविण्यासाठी शेतकरी बागेत शेकोट्या पेटवितात. इगतपुरी, पेठ, सुरगाणा भागांत भाताच्या रोपांसाठी पावसापूर्वी राब भाजतात. हे शेतीचे व्यवहार आहेत, त्यांना शहरातील कचऱ्याचा नियम जसाच्या तसा लावता येत नाही. तथापि हीच आग राखीव वनात शिरली, तर 1927 च्या भारतीय वन अधिनियमाखाली तो गुन्हा ठरतो.

रुग्णांचे नातेवाईक रात्री फाटकाजवळ शेकोटी करतात, त्याविषयी थोडे मोकळेपणाने लिहितो. गावाकडून आलेली माणसे थंडीत बसलेली असतात. त्यांना हटकणे जिवावर येते. परंतु लाकूड संपले की तीच शेकोटी पिशव्या, बाटल्या, चपला अशी मिळेल त्या वस्तूवर चालू राहते, आणि तिथे जळणाचा कचरा होतो. थंडीत हवेचा गार थर जमिनीलगत राहतो, त्यामुळे धूर वर न जाता खिडक्यांतून आत येतो. काही वर्षांपूर्वी आवारातील पाल्याच्या ढिगात वापरलेले हातमोजे व सलाईनच्या नळ्या मिसळल्या गेल्या आणि कोणीतरी तो ढीग पेटविला. पुरुष कक्षात दम्याचे रुग्ण होते. दोघांच्या खाटा मध्यरात्री दुसऱ्या टोकाला न्याव्या लागल्या, एकाला प्राणवायू लावावा लागला. वर्गीकरणावरील देखरेख आमची होती, चूकही आमचीच.

जैववैद्यकीय कचऱ्यातील ठरावीक भाग जाळलाच जातो, मग आपण जाळला तर काय बिघडले, असेही कोणी म्हणतात. फरक उष्णतेचा आहे. सन 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार भट्टीच्या पहिल्या कक्षात किमान 800 अंश व दुसऱ्यात सुमारे 1,050 अंश सेल्सिअस तापमान लागते, आणि निघालेला वायू त्या दुसऱ्या कक्षात किमान दोन सेकंद राहावा लागतो. क्लोरीनयुक्त प्लास्टिक मंद आगीत जळले की डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये तयार होतात. म्हणून तसे प्लास्टिक भट्टीतही घालता येत नाही. पंचाहत्तर किलोमीटरच्या आत सामाईक प्रक्रिया केंद्र उपलब्ध असल्यास रुग्णालयाने स्वतःची भट्टी उभारावयाची नसते. शरीराचे अवयव, रक्तादींनी माखलेला कचरा असा प्रक्रिया न केलेला कचरा सामान्यतः अठ्ठेचाळीस तासांपेक्षा अधिक काळ साठवून ठेवता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे.

नाशिकचे नाव राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या शहरांत आहे, याची नोंद विश्वस्त मंडळाने घेतली आहे. आवाराच्या मागील बाजूस पाल्यासाठी दोन खड्डे खणले आहेत. त्यातील खत बागेस वापरले जाते. नातेवाइकांसाठी रात्री बंदिस्त पडवी खुली असते व गरम पाणी मिळते. पडवीस ब्लँकेटांची आवश्यकता आहे. देणगी वस्तुरूपात द्यावयाची असल्यास ती कार्यालयात जमा करून पावती घ्यावी.