दहीकाल्याचा हिशेब

आचऱ्याच्या रामेश्वराचा रामनवमी उत्सव लहानपणापासून पाहत आलो आहे. देवळात गाणे-बजावणे रंगते, तेव्हा बाहेर खाज्याचे, फुलांचे, चहाचे दुकान चालते. मुंबईचे चाकरमानी येतात, बंद घरे उघडतात, मासळीपासून रिक्षापर्यंत सर्वांनाच गिऱ्हाईक मिळते. कलेने गावाचे अर्थकारण हलते, हे आम्हांला कोणी शिकवावे लागले नाही. माझा प्रश्न वेगळा आहे: या उलाढालीतले कलावंताच्या पदरी किती पडते?

दशावतारी नाटकाचे उदाहरण घेऊ. त्याचा हंगाम कार्तिकात सुरू होतो आणि पावसाच्या तोंडावर संपतो. गावोगावच्या जत्रेत रात्री दहीकाला होतो. संहिता लिहिलेली नसते, नेपथ्य म्हणजे एक बाकडे, सारा संसार पेटाऱ्यात. खर्च बेताचा म्हणून लहान गावालाही नाटक परवडले आणि ही कला टिकली. पण तिकीट नाही. उत्पन्न म्हणजे ठरलेली बिदागी आणि आरतीच्या ताटात पडेल ते. प्रेक्षक पहाटेपर्यंत थांबतो तो नाटकासाठी, मात्र त्या थांबण्याचा नफा जमा होतो दुकानाच्या गल्ल्यात. रात्री इंद्र झालेला माणूस पावसाळ्यात दुसऱ्याच्या शेतात लावणीला जातो.

जिल्ह्यात या कोड्याची आणखी दोन उत्तरे सापडतात. सावंतवाडीची गंजिफा लोप पावण्याच्या बेतात होती. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी उरलेल्या जुन्या कारागिराकडून ती विद्या घेतली आणि राजवाड्यातच चित्रकारांना बसवले. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी बारा, म्हणजे 120 पाने. पाहुणा राजवाडा पाहायला येतो, पाने रंगवताना बघतो, विकतही घेतो. कुडाळजवळच्या पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात ठाकर समाजाच्या चित्रकथी व कळसूत्री बाहुल्यांचे संग्रहालय उभारले. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. दोन्ही ठिकाणी बघणारा थेट कलावंताच्या दारात येतो. मधला गल्ला नाही.

दशावताराला हे जसेच्या तसे लागू पडणार नाही. चित्र घरी नेता येते, रात्र नेता येत नाही. पण मालवण-तारकर्लीला पर्यटक येतात तेही याच महिन्यांत. दहीकाला रंगतो तेव्हा ते दोन-चार कोसांवर झोपलेले असतात. आज जत्रा कुठे, हे त्यांना कोणी सांगत नाही. न्याहारी-निवासाच्या घरांनी जत्रांची तारीखवारी दाराशी लावली आणि जत्रेच्या समितीने दुकानांच्या भाड्यातला ठरावीक वाटा बिदागीत घातला, तर दोन्ही गोष्टींना फारसे भांडवल लागणार नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. पाहुण्यांच्या सोयीसाठी रात्रभराचे नाटक तासाभरात कोंबण्याची सूचना अधूनमधून ऐकू येते. तसे केले तर आख्यान जाईल, नटाची हजरजबाबी जाईल, आणि दुकानेही तासाभरात उठतील. गावाला पैसा मिळतो तो माणसे पहाटेपर्यंत जागी राहतात म्हणून. त्या जागरणाची मजुरी जागवणाऱ्याला मिळावी, इतकाच हा हिशेब आहे.