काटा शांत, दिवा लाल

कविता लिहिणाऱ्या माणसाला गाडीतलं काय कळतं, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. मलाही शिरवळच्या रस्त्यावर थांबावं लागलं, तेव्हाच कळलं.

अम्मीला घेऊन पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. अचानक कूलंटचा लाल दिवा लागला. तापमानाचा काटा मात्र नेहमीसारखा मध्यावर. मनात आलं, दिवाच बिघडला असेल. खंबाटकी चढून जाऊ, मग बघू. अम्मी म्हणाली, ‘‘दिवा उगाच लागत नाही, बेटा. थांब.’’

चहाच्या टपरीवरच्या पोरानं जवळच्या गॅरेजमधून एका चाचांना आणलं. ते म्हणाले, दिवा आणि काटा ही दोन वेगळी खाती. अनेक गाड्यांत दिवा कूलंटच्या टाकीतली पातळी सांगतो, काटा इंजिनाचं तापमान. पातळी उतरली, तरी इंजिन तापेपर्यंत काटा हलत नाही. पाणी फारच उतरलं, तर तापमानाचा सेन्सर कोरडा पडतो. मग इंजिन भाजत असलं, तरी काटा खालीच राहू शकतो.

चाचांनी आधी इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं. ही यंत्रणा दाबाखाली असते, म्हणून आतलं पाणी १०० अंशांवरही उकळत नाही. गरम असताना टोपण उघडलं, तर दाब सुटतो, पाणी एकदम उकळून उसळतं आणि हात-तोंड भाजतं.

थंड झाल्यावर टाकीवरच्या ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ या रेषा पाहायच्या. पातळी बरोबर असेल, तर दोष बहुधा सेन्सरचा किंवा त्याच्या वायरचा. पातळी खाली असेल, तर गळती शोधायची: होज पाइपांचे क्लॅम्प, रेडिएटर, वॉटर पंप. गाडीतली पायाखालची मॅट ओली आणि चिकट लागली, तर हीटरची जाळी. बाहेर थेंबही नाही, पण सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यायचा. नुसती टाकी भरून पुढे निघालं, की दुखणं तसंच राहतं.

आमच्या गाडीत एका होजचा क्लॅम्प सैल झाला होता आणि टाकी तळाला गेली होती. क्लॅम्पचे पैसे किरकोळ. घाट चढलो असतो, तर इंजिनच खोलावं लागलं असतं.

तोवर अम्मीचा दुसरा चहा झाला होता. ‘‘आता चल,’’ ती म्हणाली.