ठमीने अन्न टाकले

कोंबडी आजारी पडली म्हणून बँकेत रजा टाकलेला मनुष्य आपण पाहिला आहे काय? मी तो आहे. अर्जावर ‘घरात आजारपण’ एवढेच लिहिले आणि त्यात एक अक्षरही खोटे नव्हते.

सांगलीच्या आमच्या घराला परस आहे. २०२० सालच्या टाळेबंदीत सगळेजण घरात बसून काही ना काही करीत होते. कोणी पाव भाजले, कोणी गच्चीवर वांगी लावली. आमच्याकडे कामाच्या मावशींनी आपल्या गावाहून तीन पिल्ले आणून दिली. त्यांतले एक मांजराने नेले. उरलेल्या दोघींपैकी अंगाने थोराड, चालीने ठुमकणारी, ती ठमी. नाव आमच्या धाकटीने ठेवले. आईने पहिल्या दिवशीच बजावले होते, “परसात काय वाटेल ते करा. अंडे माझ्या स्वयंपाकघरात येता कामा नये.” तेव्हा अंडी परसातल्या स्टोव्हवर उकडली जात आणि तिथेच संपत. असा दोन वर्षे सुखाचा कारभार चालला होता.

२०२२ च्या भाद्रपदात गौरी आल्या, त्या शनिवारी संध्याकाळी ठमी खुराड्याच्या कोपऱ्यात मान आखडून, पिसे फुलवून, डोळे अर्धवट मिटून उभी दिसली. दाणे टाकले तर दुसरीने ते सगळे फस्त केले. ठमीने मानसुद्धा वळवली नाही. खाण्यासाठी तांब्यावर उडी मारणारी ही बाई!

मग घरात वैद्यांची सभा भरली. शेजारच्या आजी म्हणाल्या, “काही नाही हो, खुडूक झाली असेल.” निदान पटण्याजोगे होते. खुडूक कोंबडी एकवीस दिवस अंडी उबवायच्या तयारीने बसते आणि दिवसाकाठी एखाद्या वेळेलाच उठून चार दाणे टिपते. पण खुडूक कोंबडी जवळ गेलेल्याच्या हातावर चोच मारते. ठमी तर उचलली तरी चिंधीसारखी पडून राहिली.

सौ. म्हणाली, अंडे अडकले असेल. तेही होते. तशी कोंबडी शेपूट खाली घालून, सरळ उभी राहून कुंथत असते. शेकले, कोमट पाण्याच्या पातेल्यात बसवले, तर पुष्कळदा सुटका होते. आम्ही तेही केले. ठमी पाण्यात मुकाट बसली आणि मुकाट बाहेर आली.

मावशी मात्र दारातूनच म्हणाल्या, “साहेब, मानमोडी तर न्हवं?” आणि आम्ही सगळे गप्प झालो. मानमोडी म्हणजे राणीखेत. कुमाऊँच्या डोंगरातले हे थंड हवेचे सुंदर गाव, पण कोंबड्या पाळणाऱ्याला त्याचे नाव घेतले की कापरे भरते. १९२० नंतरच्या दहा वर्षांत हा रोग तिकडे आढळला आणि गावाचे नाव त्याला चिकटले. विलायतेत त्याला न्यूकॅसल म्हणतात. हिरवी हगवण, धापा, लुळे पाय, पिळवटलेली मान. लागण झाल्यावर औषध नाही. लस आधी टोचली असेल तरच पक्षी वाचण्याची आशा. आमच्या दोघींना लस दिली होती, पण त्या रात्री मला त्याचीही खात्री वाटेना.

सगळी बोलणी चालू असताना धाकटी माजघराच्या उंबऱ्यात उभी होती. आठ वर्षांची पोर. तिने हळूच सांगितले, “मी तिला सकाळी करंजी दिली होती.”

झाले! गौरीच्या फराळातली करंजी, तीही नैवेद्याच्या आधी, आणि कोंबडीला! आई बोलली, सौ. बोलली आणि मी तर सर्वांत जास्त बोललो. आता आठवले की जीभ चावावीशी वाटते. पोर एक शब्द न बोलता आत गेली. रात्री जेवायला उठली नाही. रविवारी पुरणपोळीच्या पानावरही दोन घास करून उठली. ठमीने अन्न टाकले आणि तिच्यामागोमाग हिनेही.

रविवारी मी ताप पाहिला. थर्मामीटरने १०६ दाखवले आणि माझे हातपाय गार पडले. इतक्यात वरच्या मजल्यावरचे बिऱ्हाडकरू मोबाइल घेऊन धावत आले. त्यात कोणी गृहस्थ कोंबडीला पायांना धरून उलटी करून गळा पिळीत होता आणि तोंडावाटे घाण बाहेर काढीत होता. “दोन मिनिटांत मोकळी!” ते म्हणाले. मी तयार झालो. पण ठमीचे पाय धरताच आईने माझा हात धरला. “उद्या डॉक्टरला दाखव. हे असले काही करू नकोस.” एवढेच म्हणून तिने ठमीला माझ्या हातातून घेतले, एका खोक्यात जुने लुगडे अंथरले आणि खोके नेऊन ठेवले कुठे, तर स्वयंपाकघरात! आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. आई म्हणाली, “बाहेर गारठा आहे.”

सोमवारी गौरी-गणपतीचे विसर्जन घरच्यांवर सोपवून मी आणि धाकटी खोके घेऊन गुरांच्या दवाखान्यात गेलो. आमच्या पुढे दोन म्हशी आणि एक शेळी होती. त्या रांगेत मांडीवर कोंबडी घेऊन बसलेल्या पांढरपेशा माणसाकडे लोक ज्या नजरेने पाहतात, ती मी येथे सांगत नाही.

डॉक्टरीण तरुण होती. तापाचा आकडा ऐकून हसली. “काका, तुम्हाला जसे ९८, तसे हिला १०६. कोंबडीचे अंग गरमच असते. सकाळी हिची पिशवी चाचपलीत का?”

कसली पिशवी? तेव्हा तिने धाकटीचा हात धरून ठमीच्या गळ्याखाली, छातीच्या उजव्या अंगाला ठेवला. आत लिंबापेक्षा मोठा, घट्ट गोळा लागत होता. ही गोष्ट कोंबडी पाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावी आणि मला दोन वर्षांत ठाऊक नव्हती. कोंबडीला दात नाहीत. टिपलेला दाणा आधी गळ्याखालच्या या पिशवीत साठतो, भिजतो आणि थोडा थोडा पुढे सरकतो. पुढे पेटा असतो, ज्याला आपण खाटकाच्या दुकानात कलेजीबरोबर पाहतो. त्यात तिने गिळलेले बारीक खडे असतात. ते जात्याचे काम करतात. संध्याकाळी भरलेली पिशवी रात्रभरात रिकामी होते. म्हणून सकाळी दाणे घालण्यापूर्वी हात लावून पाहावा. रिकामी लागली तर पचन ठीक आहे. पाण्याच्या फुग्यासारखी लिबलिबीत लागली आणि तोंडाला आंबूस वास आला, तर आत बुरशी माजलेली असते. दगडासारखी लागली तर काहीतरी अडकले आहे.

उलटी करून पिळण्याचा बेत मी सांगितला, तेव्हा मात्र डॉक्टरीण हसली नाही. कोंबडीच्या श्वासनळीचे तोंड जिभेच्या अगदी मागेच असते. उलटे धरून पिळले की पिशवीतले पाणी सरळ तिकडे उतरते आणि पक्षी हातातच जातो. पाणीसुद्धा पाजायचे तर ड्रॉपरने, चोचीच्या कडेला एक एक थेंब, तिला स्वतः गिळू देत.

एक दिवस तेल आणि कोमट पाणी यांवर काढायचा, दिवसातून चार-पाच वेळा पिशवी बोटांनी हलकेच चोळायची, दाणा अजिबात नाही, आणि नाहीच हलले तर मंगळवारी शस्त्रक्रिया, असे ठरले. चोळण्याचे काम धाकटीने कोणाला करू दिले नाही. रात्री अकरा वाजता पाणी प्यायला उठलो, तो आजी आणि नात दोघी खोक्याशी बसलेल्या. नात चोळते आहे, आजी ड्रॉपर धरून आहे आणि ठमी डोळे मिटून आहे.

गोळा हलला नाही.

मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी तेवढ्या जागेपुरते बधिर करणारे इंजेक्शन दिले, पिसे बाजूला केली आणि बोटाच्या एका पेराएवढा छेद घेतला. धाकटीला बाहेर थांब म्हटले, ती थांबली नाही. चिमट्याने आधी गवत निघाले. लांबच लांब, ओले, पिळलेले. गणपती येणार म्हणून मीच परसातले गवत विळ्याने कापून तिथेच ढीग टाकला होता. जमिनीतले गवत कोंबडी शेंडा तोडून खाते. कापून पडलेली लांब पाती मात्र ती तशीच्या तशी गिळते. पण एवढ्यावरही ठमी तरली असती. गवताच्या मध्यभागी, सगळ्याला वेढून बसलेला, एक पांढरा दोरा होता. डॉक्टरीण ओढते आहे आणि तो येतोच आहे. हातभर तरी भरला असेल.

मी तो ओळखला. तांदळाच्या पोत्याच्या तोंडाची शिवण असते ना, तिचे योग्य टोक सापडले की दोरा सर्रकन निघतो. त्या सर्रकन निघण्याचे मला लहानपणापासून वेड आहे. गौरींसाठी आणलेले इंद्रायणीचे पोते मी परसाच्या पायरीवर उघडले होते. दोरा ओढला आणि फेकून दिला.

“आणि करंजी?” धाकटीने विचारले.

“करंजी कधीच पचली असेल,” डॉक्टरीण म्हणाली. “पुन्हा देऊ नकोस मात्र.”

स्कूटरवरून येताना मी पुढे, ती मागे, खोके दोघांच्या मध्ये. तोंड समोर असल्यामुळे बोलणे थोडे सोपे झाले. मी म्हणालो, “तो दोरा माझा होता. तुझे काही चुकले नव्हते.” बराच वेळ उत्तर आले नाही. मग पाठीमागून आवाज आला, “आजीला तुम्ही सांगा.” मी सांगितले. त्या रात्री पोर तीन पोळ्या जेवली.

पुढचे सारे सावकाशीने झाले. आठवडाभर अख्खा दाणा नाही. पातळ, मऊ भात आणि उकडलेल्या अंड्याचा चुरा. कोंबडीला अंडे भरवायचे, तेही आपल्या स्वयंपाकघरात, हे ऐकून आईने एकदा देवाकडे पाहिले आणि भात कालवायला घेतला. दुसरी कोंबडी टाक्यांना चोच मारील म्हणून ठमी दहा दिवस वेगळी राहिली. रोज सकाळी पिशवी चाचपण्याचा मान धाकटीचा, आणि नंतर साबणाने हात धुण्याची सक्तीही. जंतुनाशक औषध चालू असेपर्यंत आणि पुढे डॉक्टरीणबाईंनी सांगितले तितके दिवस तिची अंडी खायची नव्हती. आठव्या दिवशी पहिले अंडे आले, ते शेवग्याच्या बुंध्याशी पुरले.

एक गोष्ट डॉक्टरीणबाईंनी निघताना बजावून सांगितली. एक कोंबडी मलूल झाली तर ती घरची बाब आहे. पण दोन-चार पटापट मेल्या, तर घरगुती उपाय करीत बसू नये, मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नये, आणि पशुसंवर्धन खात्याला त्याच दिवशी कळवावे. २००६ साली आपल्या देशात बर्ड फ्लू प्रथम सापडला तो नवापूरला, म्हणजे आपल्याच राज्यात. ही बाब मावशींनी घरी जाऊन साऱ्या गल्लीला सांगितली.

ठमी त्यानंतर पूर्वीसारखीच तांब्यावर उड्या मारू लागली. छातीवर पिसे नीट यायला मात्र संक्रांत उजाडली.

दिवाळीच्या आधी नवे पोते आले. मी पायरीवर बसलो, शिवणीचे टोक शोधले, सर्रकन ओढले. मान वर करून पाहतो तो धाकटी समोर उभी, हात पुढे केलेला.

“दोरा इकडे द्या, बाबा.”